पेवावर बसलेली बाई

"ऊठ म्हटलं ना!" रावजीशेठ ओरडले.

"न्हाई उठत," चंद्राक्का म्हणाली. तिनं पदर कमरेला खोचला आणि पेवाच्या दगडावर आणखी ऐसपैस मांडी घातली. "काय करायचं ते करा जावा."

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. सकाळचे दहा वाजले असतील. आवाराच्या फाटकात ट्रक उभा, ट्रकच्या दारात सांगलीहून आलेला खरेदीदार घड्याळ बघत उभा, आणि सात-आठ हमाल मोकळी पोती खांद्यावर टाकून लांब लांब, जणू त्यांचा ह्या प्रकाराशी काही संबंधच नाही. माझे वडील नाना, त्या आवाराचे मुकादम. ते मान खाली घालून हातातल्या दोराला उगाच गाठी मारत आणि सोडवत होते. मी त्यांच्या शेजारी कंदील घेऊन उभी होते. काच लखलखीत पुसलेली, रॉकेल काठोकाठ. त्या दिवशी मी अगदी वेळेवर आले होते.

आता आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई दगडावर बसून काय करते आहे.

माझी एक भुताची गोष्ट आहे. बरीच वर्षं झाली तिला, एका दिवाळी अंकात आली होती. पेवात गुदमरून मेलेला हमाल मालकाचे कंदील विझवत राहतो, आणि शेवटी मालकालाच आत ओढून नेतो. माझं नाव झालं ते त्या गोष्टीनं. कुठंही गेले की लोक विचारतात, बाई, कशी सुचली हो? एका विद्वान गृहस्थांनी तर मला भर सभेत झापलं की, तुम्ही भुतंखेतं लिहून समाजाला मागं नेता. मी म्हटलं, नेते! तुमच्या पुढं गेलेल्या समाजात खरं बोलायला कुणी तयार नसेल, तर मेलेल्या माणसाला उठवूनच बोलावं लागतं. त्यांना ते काही कळलं नाही. कळणार कसं? ते कधी हरिपूरला आले नव्हते.

आमच्या हरिपूरला हळद जमिनीखाली ठेवत. पेव म्हणजे पोटात फुगलेला, तोंडाशी अरुंद असा वीस-पंचवीस हात खोल खड्डा, रांजण पुरल्यासारखा. त्यात पोती रिकामी करायची, वर दगड ठेवायचा आणि कडेनं चिखल लिंपून टाकायचा. आत हळद चार-चार वर्षं टिकते. पण माणूस टिकत नाही. बंद पेवात वाफ धरते, म्हणजे विषारी हवा. म्हणून रीत अशी, की पेव उघडलं की दिवस-दोन दिवस तसंच मोकळं ठेवायचं, मग दोराला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील तेवला तर माणूस उतरायचा. विझला तर थांबायचं. कितीही घाई असो, थांबायचं. ही रीत मला बाराखडीच्या आधी पाठ झाली होती. नानांचा कंदील आमच्याच घरी असायचा आणि त्याची काच मीच पुसायची.

चंद्राक्काचा नवरा दौलू ऐवळे हा पेवात उतरणारा सगळ्यात जुना हमाल. मी त्यांना दौलूतात्या म्हणायची. उंच, काटकुळा, बोलायला गोड. आयुष्यात दारूचा थेंब त्यांनी तोंडात घेतला नाही. वरातीत लोक आग्रह करायचे तर म्हणायचे, "नको गड्या, वर यायची शिडी एकच असती."

त्याच दिवाळीच्या तोंडावर ते रावजीशेठच्या पेवात मेले. सकाळी पेव उघडलं, सकाळीच ते आत उतरले. टोपली भरायच्या आत खाली कोसळले. कमरेच्या दोरानं ओढून वर काढलं, तेव्हा सगळं संपलं होतं. ते पेव त्याच दिवशी पुन्हा दगड ठेवून लिंपून टाकलं.

पोलीस पाटील आले. रावजीशेठनी सांगितलं, "कंदील सोडला होता. चांगला तेवत होता. दौलू पिऊन आला होता, त्याला आत दम लागला. मुकादमांना विचारा."

पाटलांनी नानांकडं बघितलं. नानांनी मान हलवली.

बस, एवढंच. त्या हललेल्या मानेवर दौलूतात्या दारुडे ठरले. चार दिवसांत पोरंसोरं चंद्राक्काच्या थोरल्या लेकीला 'बेवड्याची' म्हणायला लागली. हमालांना ठाऊक होतं खरं काय ते, पण शेठच्या आवारावर त्यांच्या चुली पेटत होत्या. जो तो तोंडात गुळणी धरून बसला.

चंद्राक्का रडली नाही. म्हणजे मी तरी पाहिली नाही. दहाव्याला नदीकाठी तिनं मोठ्यानं एकच वाक्य टाकलं, "माझा मानूस वर गेल्याला न्हाई. त्यो शेठच्या पेवातच बसलाय. आता शेठचा कंदील तेवतोय का बगा." आणि घरी जाऊन गप बसली. ते वाक्य मात्र गप बसेना. शिदा हमालानं ते ऐकलं, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, आणि तेराव्यापर्यंत रावजीशेठच्या आवारातलं एकही पेव उघडायला कुणी हात लावेना.

आणि मग ती चौदाव्या दिवशीची सकाळ, आणि त्याच पेवावर बसलेली चंद्राक्का.

"हे बघ चंद्रा," शेठनी आवाज जरा खाली आणला, खरेदीदार ऐकत होता म्हणून, "झालं ते वाईट झालं. पण माझा धंदा अडवून तुझा नवरा परत येणार आहे का?"

"आलाय की," ती म्हणाली. हातानं खालचा दगड थोपटला. "हितं हाय."

हमाल दोन पावलं मागं सरकले.

"काय खुळचटपणा लावलाय! शिकले-सवरलेले लोक उभे आहेत इथं. पाटील, उठवा हिला."

पाटील बिचारे डोकं खाजवत म्हणाले, "बाईमाणसाला हात कसा लावू मी?"

"हात लावायचं काम न्हाई," चंद्राक्का म्हणाली. "मीच उठते. पैज लावा माझ्यासंगं. पेव उघडा, सगळ्यांम्होरं कंदील आत सोडा. तेवला, तर मी ह्या पाटलाम्होरं सांगीन, माझा नवरा दारू पिऊन मेला. आन् पोरीबाळी घेऊन गाव सोडीन. इझला, तर दौलू आत हाय म्हनून समजायचं."

शेठचा चेहरा मी बघत होते. आधी ते हसले. मग हसू अर्ध्यावर थांबलं. कारण जे त्यांना ठाऊक होतं, तेच मलाही ठाऊक होतं. ताज्या उघडलेल्या पेवात कंदील तेवतच नाही.

"ठीक आहे," ते घाईनं म्हणाले. "पेव उघडून ठेवू. उद्या-परवा सोडू कंदील."

"उद्या कशाला?" चंद्राक्का तोंडावर हात ठेवून म्हणाली. "दौलूच्या दिशी तर लगोलग सोडला हुता न्हवं? तुमचीच रीत हाय ती. आत्ताच सोडा. ट्रक खोळंबलाय की!"

फाटकात खरेदीदार फिस्सकन हसला. त्याचं ते हसणं शेठना झोंबलं. "उघडा रे!" ते गरजले. "बघूच काय भूत आहे ते!"

चंद्राक्का उठली. दोघा-तिघांनी घाबरत घाबरत पहारीनं चिखल फोडला, दगड सरकवला. आतून उबट, उग्र असा हळदीचा वास अंगावर आला. नानांनी माझ्या हातातून कंदील घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. दोर बांधला, ज्योत मोठी केली आणि हळूहळू आत सोडला.

दीड पुरुष खाली गेला असेल. ज्योत तांबडी झाली, बारीक झाली, आणि गेली.

"दौलू हाय!" शिदा किंचाळला. "आयची आन, दौलू हाय!" तो तिथंच हात जोडून खाली बसला.

"पुन्हा लावा," शेठ म्हणाले.

पुन्हा लावला, पुन्हा विझला. तिसऱ्यांदा शेठनी नानांच्या हातातून दोर हिसकावून घेतला आणि स्वतः कंदील सोडला. तोही विझला. एव्हाना हमाल फाटकापर्यंत पोचले होते. एक जण ट्रकवर चढून बसला. खरेदीदार म्हणाला, "शेठ, मी दुसरीकडं बघतो. असला माल मला नको बाबा."

मग मात्र रावजीशेठचा तोल सुटला. "अरे गाढवांनो! भूत नाही, बीत नाही! वाफ असते ती, वाफ! ताजं पेव उघडलं की दिवा विझणारच. दौलू असो नाहीतर नसो!"

चंद्राक्का त्यांच्याजवळ गेली. इतक्या हळू आवाजात बोलली, की ऐकायला सगळ्यांना पुढं यावं लागलं.

"पुन्यांदा बोला, शेठ. ह्यास्नी समजलं न्हाई."

"दिवा विझणारच म्हटलं!"

"ह्याच पेवात? का दुसऱ्यात बी?"

"कोणत्याही पेवात! उघडल्या दिवशी कंदील तेवणं शक्यच नाही. शेंबड्या पोराला विचार!"

"मग माझ्या मानसाच्या वक्ताला," चंद्राक्का म्हणाली, "त्यो तेवला कसा?"

मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली, वकील ऐकले, पुढारी ऐकले. त्या सात शब्दांसारखं काही ऐकलं नाही. पाटलांनी टोपी काढली, परत घातली. शिदा हात जोडलेल्या अवस्थेतच उठून उभा राहिला, आणि फाटकापाशी गेलेले हमाल एकेक करून परत आले.

"त्या दिवशी... त्या दिवशी..." शेठ म्हणाले, "मुकादमांनी सोडला होता कंदील. मुकादमांना विचारा."

सगळ्या माना नानांकडं वळल्या.

नानांच्या पायाशी विझलेला कंदील होता. ते त्याच्याकडंच बघत होते. "नाना," पाटील म्हणाले, "सोडला होता का?" पुन्हा ती मान हलणार, असं मला वाटलं. ती हललेली मान आठवून चौदा दिवस मला जेवण गेलं नव्हतं.

"कंदील माझ्या हातात होता," मी म्हणाले.

"शालन, गप!" नाना ओरडले. मला जन्मात कधी ते असे ओरडले नव्हते.

"नाही गप बसणार. त्या दिवशी कंदील माझ्या हातात होता. मी घेऊन आले तेव्हा दौलूतात्या आत पडलेले होते. दोर ढिला पडला होता. कंदील कुणी सोडलाच नाही. सोडणार कुठून? तो माझ्यापाशी होता!"

सतरा वर्षांची मी, मॅट्रिकला एकदा गटांगळी खाऊन घरी बसलेली. माझ्या बोलण्याला काय किंमत? पण चंद्राक्का माझ्याकडं डोळे फाडून बघत होती. मला वाटलं, ती खूश झाली असेल. खरं तर ती घाबरली होती. ते मला फार उशिरा कळलं.

"मुकादम," पाटील म्हणाले, "पोरगी काय म्हणतीया?"

नानांनी दोर खाली टाकला. "खरं म्हणतीया. कंदील सोडला न्हवता. शेठ म्हणाले, ट्रक खोळंबलाय, दौलू काय नवा हाय का, उतरव. मी उतरवला."

"आन् कंदील?"

"घरी हुता," नाना म्हणाले. "मी आणायचा इसरलो. माझी चूक हाय. पोरगी मागनं घेऊन आली."

मी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आता म्हना, शेठ," चंद्राक्का म्हणाली. "दौलू प्यालेला न्हवता."

शेठ काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं म्हना. शिदा मागं हाय, त्याला ऐकू आलं न्हाई."

"दौलू प्यालेला नव्हता!"

"आन् कंदील?"

"नव्हता सोडला! झालं समाधान?"

"झालं," ती म्हणाली. लुगड्याला लागलेला पेवाचा चिखल तिनं झटकला आणि हमालांकडं वळली. "तुमी बी ऐका. दौलू हितंच ऱ्हानार हाय. कंदील इझला, की त्यो नको म्हनतोय म्हनून समजायचं. मालक असूंदे न्हाईतर मालकाचा बा असूंदे, त्याचं ऐकायचं न्हाई. दौलूचं ऐकायचं."

आणि गेली. तरातरा, मागं न बघता.

त्या दिवसापासून रावजीशेठच्या आवारात उघडल्या दिवशी पेवात कुणी उतरलं नाही. शेठनी किती आदळआपट केली, तरी हमाल म्हणायचे, "दौलू नको म्हनतोय, मालक." त्या भुतानं किती जीव वाचवले, ते त्या विद्वान गृहस्थांना मोजायला लावलं पाहिजे. नानांची मुकादमी त्याच आठवड्यात गेली. मग ते दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर चुलीत जाळ घालायला जायला लागले. धुरानं डोळे लाल करून घरी यायचे, भाकरी खायचे, झोपायचे. त्या सकाळबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत, आणि मीही काढलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

पुढं मी मास्तरीण झाले, लिहायला लागले. गोष्ट छापून आली तेव्हा अंक घेऊन चंद्राक्काकडं गेले. ती म्हातारी झाली होती. अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी गोष्ट सगळी वाचून दाखवली. तिच्या हाताची फटफट शेवटपर्यंत थांबली नाही.

"बरी हाय," ती म्हणाली. "पर शेठला कशाला मारलास? त्यो तर खोकून खोकून म्हातारा हून मेला."

"भुताला सूड घ्यावा लागतो, आक्का."

"घेतला की आमच्या मानसानं! मोठ्यानं बोलाय लावलं त्याला, गावाम्होरं. मेलेला मानूस सुटतो. बोललेला मानूस सुटत न्हाई." तिनं दोन शेंगा फोडल्या. "आन् ती पोरगी कुठाय?"

"कुठली?"

"कंदील घेऊन येनारी."

मी अंक मिटला. गोष्टीत ती पोरगी नव्हतीच. मुकादम होता, शेठ होता, हमाल होते, भूत होतं. तिला मी घातलंच नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "नाना कंदील विसरले नव्हते. रोज सकाळी कंदील पोचवायचं काम माझं होतं. त्या दिवशी मी उंबऱ्यात पुस्तक वाचत बसले होते. वाचनालयाचं होतं, भुताचंच. संपत आलं होतं. नानांनी जाताना सांगितलं होतं, लगेच ये. मी म्हटलं, एवढी पानं संपवते आणि जाते. आठ पानं राहिली होती, आक्का. मी आठ पानं वाचली आणि मग कंदील घेऊन आले."

तिचे हात थांबले.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"तुज्या बानं सांगितलं. दहाव्याला, नदीवर. माझं पाय धरलं त्यानं. म्हनला, शेठला घाबरून मान हलवली न्हाई गं. कंदील न्हवता म्हनलं असतं, तर कुठं हुता म्हनून इचारलं असतं. पोरीचं नाव निघालं असतं. लगीन व्हायचंय तिचं. जलमभर तिला मानूस मारलेली म्हनतील." चंद्राक्कानं पदरानं नाक पुसलं. "मी त्याला म्हनलं, मुकादम, माझ्या पोरीला बेवड्याची म्हनत्यात ते चालतंय व्हय? मग मी म्हनलं, तुमच्या पोरीचं नाव न घेता शेठचं तोंड उघडवते, बगा. तवा ते भूत काढलं मी. तुला बाजूला ठिवून सगळा डाव मांडला हुता, आन् तूच मधी थोबाड घातलंस!"

ती हसली. मला हसता येईना. मी तिथंच शेंगांच्या टरफलांत बसून रडले. केवढी मोठी बाई मी, पुस्तकांवर नाव छापलेली, आणि दोन अडाणी माणसांनी मला पदराखाली झाकून ठेवलं होतं, आणि त्यातलं एक मला न सांगता मरूनही गेलं होतं.

"कंदील वेळेवर आला असता," मी विचारलं, "तर तात्या वाचले असते?"

"त्ये मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "शेठनं कंदील लाथाडला बी असता. खोटं कशाला बोलू? आला असता तर बरं झालं असतं, एवढं खरं." मग तिनं माझ्या मांडीवरचा अंक उचलला आणि परत माझ्या हातात कोंबला. "माझ्याम्होरं रडून काय उपेग? लिव. त्या पोरीला घाल त्यात. भितीस कुनाला? शेठ बोलला, तुझा बा बोलला. तूच तेवढी ऱ्हायलीस."

चंद्राक्का गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी लिहिलं नाही. भुतं पुष्कळ लिहिली, ही एक पोरगी लिहिली नाही.

यंदा त्या गोष्टीचं नवं पुस्तक निघतंय. प्रकाशक म्हणाले, बाई, शेवटाला हात लावू नका, लोकांना तो पाठ आहे. मी म्हटलं, लोकांना काय पाठ आहे ते मला सांगू नका. शेवट मी बदललाय. शेठ मरत नाही. तो आवाराच्या मधोमध उभा राहून मोठ्यानं बोलतो. आणि पहिल्या पानावर, पेवाच्या तोंडाशी सगळे ओरडत असताना, एक सतरा वर्षांची मुलगी पेटता कंदील घेऊन येते. तिला उशीर झालेला आहे. तिचं नाव शालन.